घरचा घाणा

"अव्वा, हा मसाल्याचा डबा उघडू का?" रेहानानं विचारलं, आणि हातातलं यंत्र डब्याकडं वळवलं.

यंत्र कसलं, पिस्तूलच ते. तसाच दांडा, तसाच घोडा. फक्त नळीच्या जागी चपटं तोंड आणि पाठीवर मोबाईलएवढी काच. मगदुमांच्या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणी आवाजसुद्धा चढवत नाही, आणि ही पोर सकाळपासून पिस्तूल घेऊन फिरत होती.

"उघड की," मी म्हणाले. "आता तेवढंच राहिलंय. देव्हाऱ्यावर रोखलंस, माझ्या कुंकवावर रोखलंस. जिरं-मोहरी तरी कशाला सुटावी?"

ती हसली. रागावत नव्हती, हा तिचा दोष म्हणा की गुण. रेहाना मुजावर, मिरजेची. डॉक्टरीण, पण गोळ्या देणारी नव्हे, शोध लावणारी. आईच्या पोटात जे अन्न जातं त्यातलं काय-काय बाळापर्यंत पोचतं, यावर तिचं आणि तिच्या माणसांचं काम चाललं होतं. त्यासाठी आमच्या भागातल्या गरोदर बायकांचं रक्त नेलं होतं. माझी सून त्रिशला तेव्हा सहाव्या महिन्यात होती. तिचंही नेलं.

आणि तिच्या रक्तात शिसं निघालं. तपासलेल्या सगळ्या बायकांत जास्त.

रेहानानं हे सांगितलं तेव्हा मी तिला ओसरीवरच थांबवलं होतं. म्हटलं, बाई, नावात घोटाळा झाला असेल. शिसं निघायचं तर बॅटरीवाल्याच्या घरी निघेल, भंगारवाल्याच्या घरी निघेल. आमचं घर दिवस मावळल्यावर तोंडात काही घालत नाही. पाणी दुपदरी फडक्यानं गाळून पितं, आणि फडक्यावर राहिलेला जीव मरू नये म्हणून ते फडकं परत विहिरीत झटकतं. अशा घरात विष येईल कुठून?

"तेच शोधायला आलेय," ती म्हणाली.

मग तिनं एकेक वस्तू घेतली. पितळी भांडी, त्यांची कल्हई, भिंतीचा रंग, त्रिशलाचं काजळ, बांगड्या, नळाचं पाणी. पिस्तुलाचं तोंड टेकवायचं, घोडा दाबायचा, थोडं थांबायचं, काच बघायची. प्रत्येक वेळी मान हलवून पुढं. माझी छाती दर वेळी वीतभर फुगत होती. त्रिशला चुलीशेजारी पाटावर बसून पोटावर हात ठेवून बघत होती. मी तिला डोळ्यानं खुणावलं, बघ, तुझ्या सासूचं घर कसं आहे ते.

डब्यातल्या वाट्या तिनं ओळीनं मांडल्या. जिरं झालं, मोहरी झाली, तिखट झालं. हळदीच्या वाटीवर तोंड टेकवलं आणि काच बघितली. मान हलली नाही. यंत्र पुसलं, परत टेकवलं. मग वाटीतली हळद कागदाच्या पुडीत घेऊन तिसऱ्यांदा.

"अव्वा, ही हळद कुठून विकत घेता?"

त्रिशलानं घाबरून माझ्याकडं बघितलं. कारण हे म्हणजे गवळ्याला दूध कुठून आणतोस विचारण्यासारखं होतं.

"विकत?" मी म्हटलं. "पोरी, सांगलीच्या बाजारात जाऊन मगदुमांची हळद म्हणून विचार. माझ्या सासऱ्याच्या काळापासून आमचं हळकुंड व्यापारी उजेडात धरून एकमेकांना दाखवतात. आमच्या घरात हळद विकत येत नाही, घरातून विकत जाते."

"म्हणजे ही तुमच्या शेतातली?"

"शेत माझं, कढई माझी, पॉलिशचं पीप माझं. घरची हळद तर मी स्वतः उभी राहून काढते."

तिनं काच माझ्यापुढं धरली. काही आकडे होते, काही इंग्रजी अक्षरं. म्हणाली, शिसं एकटं नाही, जोडीला क्रोमियम आहे. ही जोडी मातीतून अशी येत नाही, ही रंगातून येते. पिवळा रंग. पत्र्याला, लाकडाला देतात तो. वर्षानुवर्षं न उडणारा.

"गोदाम बघू द्याल?"

तेवढ्यात भरतेश आला. माझा एकुलता एक मुलगा, त्रिशलाचा नवरा. दारात चपला काढता-काढताच त्यानं पिस्तूल बघितलं आणि पुढची सगळी हकीकत हसत-हसत ऐकली. भरतेशचं हसू बापावर गेलंय, समोरच्याला आपणच येडे आहोत असं वाटायला लावतं. ताई, तुमचं यंत्र तापलं असेल, म्हणाला. उद्या ट्रक भरायचाय, गोदामात बाहेरच्या माणसाला जागा नाही, म्हणाला. आणि तिला चहा दे म्हणून त्रिशलाला सांगितलं, म्हणजे चहा पिऊन निघा असं.

मीही त्याचीच री ओढली. घरची लाज आधी झाकायची, मग उघडून बघायची, ही माझी रीत. रेहानाला म्हटलं, उद्या ये, आज नको.

ती चहा न घेता उठली. फाटकाशी मी सोडायला गेले तेव्हा थांबली.

"अव्वा, त्रिशलावहिनी रोज हळद किती खातात?"

मी सांगितलं, भाजीत पडते तेवढी. आणि कोरडा खोकला धरलाय म्हणून चांगला अर्धा चमचा दुधातून, वर तूप. रोज, दिवस मावळायच्या आत. मीच देते.

तिचा चेहरा उतरला. मला म्हणाली, "आज देऊ नका. आईच्या आणि बाळाच्या मध्ये शिशाला भिंत नाही. आईला काही जाणवत नाही, बाळही अंगानं धडधाकट जन्मतं. झळ मेंदूला बसते, आणि ती दिसायला वर्षं जातात. कधी-कधी ते कशामुळं झालं हे कुणाला कळतही नाही."

ती गेली. मी फाटकाला हात लावून तशीच उभी राहिले. मला पोरीचं बोलणं खोटं वाटत नव्हतं, आणि माझं घरही खोटं वाटत नव्हतं.

आमच्याकडं हळद कशी निघते ते सांगते. शिजवून, उन्हात वाळवून हळकुंड काळपट, खरखरीत होतं. मग जाळीच्या मोठ्या पिपात घालून ते पीप गरागरा फिरवायचं. साल घासून जातं, हळकुंड गुळगुळीत होतं. शेवटच्या फेऱ्यांना हळदीचीच पूड पाण्यात कालवून वरून शिंपडायची, की रंग खुलतो. एका वेळी पिपात बसतं त्याला आम्ही घाणा म्हणतो. आणि हंगामातला शेवटचा घाणा घरचा. सासूबाईंनी घालून दिलेली शिस्त ही. सुरुवातीला जाळी खरखरीत असते, हळकुंड तुटतं. हंगामभर घासून-घासून पीप लोण्यासारखं होतं. तेव्हा त्यातला शेवटचा, सगळ्यात देखणा घाणा घरच्या वर्षभराच्या खाण्याला आणि बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजेला.

दोन हंगामांपासून भरतेशनं शिंपडायची पूड बाहेरून आणायला सुरुवात केली होती. गिरणीची बारीक हळद आहे म्हणाला. रंग असा चढला की व्यापाऱ्यांनी पोत्याला हात लावला आणि तळवे एकमेकांना दाखवले. पाहुण्यांत मी मिरवले. कोण नाही मिरवणार?

पण घरच्या घाण्याला भरतेश म्हणाला होता, "अव्वा, आपल्याला ती बाहेरची पूड नको. तुझ्या पद्धतीनंच कर."

मला वाटलं होतं, पोरगं आईची रीत पाळतंय. बहिणीला फोन करून सांगितलंही होतं.

आता फाटकाशी उभं राहून तेच वाक्य आठवलं. हळदच जर होती, तर आपल्याला नको का?

जेवण झाल्यावर भरतेश आडवा झाला. मी गोदामात गेले. विकायच्या थप्पीतल्या पोत्यातून मूठभर हळकुंडं काढली आणि परसात दगडी खलात कुटली. त्रिशलानं विचारलं, अव्वा, घरची संपली काय? मी म्हटलं, तू तुझं काम कर.

पूर्वी आमच्या भागात हळद जमिनीतल्या पेवात साठवायचे. विहिरीसारखी खोल, तोंड शेणमातीनं लिंपलेलं. वर्षानं उघडलं की आत कोंडलेला वायू असायचा, न दिसणारा, वास नसणारा. घाई करून उतरलेला माणूस वर यायचा नाही. म्हणून आधी दोरीला बांधून कंदील सोडायचे. कंदील विझला तर सगळे मागं सरायचे. कुणी पेवाशी वाद घालत बसायचं नाही.

मी कंदील सोडायचं ठरवलं.

ऊन उतरायला लागलं तसं दूध तापवलं. एक पेला भरला, नव्या कुटलेल्या हळदीचा चमचा घातला, ढवळला. भरतेशला हाक मारली. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे, समोर ऊस, त्यामागं पाण्याची टाकी. सूर्य टाकीला टेकायला आला होता.

"हे काय?"

"दूध."

"मला कशाला?"

"खोकतोयस."

"कुठं खोकतोय?"

"मग खोकला यायच्या आत घे. दिवस मावळला की तुला पाणीसुद्धा मिळायचं नाही."

त्यानं पेला उचलला. रंग बघितला. दूध नव्हतंच ते, झेंडूचा रस होता.

"हळद कुठली घातलीस?"

हळदीच्या घरात जन्मलेला पोरगा. आईला त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"विकायच्या थप्पीतली," मी म्हटलं. "घरची रोजच खातो. व्यापारी जिची वाहवा करतात ती आपण कधी चाखायची?"

पेला खाली ठेवला. गरम आहे, म्हणाला. मी दुसऱ्या पेल्यात ओतून, परत ओतून गार केला आणि पुढं सरकवला. मग तो ट्रकचं बोलायला लागला. ड्रायव्हर कोण येणार, हमाल किती सांगायचे. मी हं हं करत राहिले. मग पाहुण्यांकडच्या लग्नाचं काढलं. मग म्हणाला, साखर कमी वाटतेय. मी साखर घातली. पेला त्यानं ओठापर्यंत नेला. ओठ मिटलेलेच होते. परत खाली.

मी त्याच्याकडं बघत होते आणि तो खिडकीकडं बघत होता.

भरतेश लहान असताना या घरात सगळ्यांत मोठं भांडण संध्याकाळचंच असायचं. खेळून उशिरा यायचा आणि दिवस मावळल्यावर भूक लागली म्हणून रडायचा. नियम म्हणजे नियम, मी देत नसे. तो खिडकीत चढून ओरडायचा, अजून आहे, अव्वा, अजून दिसतोय थोडा. तोच पोरगा त्याच खिडकीतून आता सूर्याला खाली ढकलत होता.

टाकीमागं तांबडी कड राहिली. मग तीही गेली.

"दिवस मावळला, अव्वा," भरतेश म्हणाला आणि पेला दोन्ही हातांनी लांब सरकवला.

कंदील विझला होता.

त्याच वेळी त्रिशला परसातून वाळलेले कपडे घेऊन आली. वर भरतेशचे गोदामातले शर्ट होते. काखेपासून पाठीपर्यंत पिवळे. कितीही धुतले तरी तो रंग जात नव्हता, आणि धुवत तीच होती. तिनं पेला बघितला.

"आज मला दूध दिलंच नाही, अव्वा."

"तिला रोज देतेस?" भरतेशनं मला विचारलं. आवाज बदलला होता.

"रोज. अर्धा चमचा. घरच्या पोत्यातली."

त्यानं श्वास सोडला. खरंच सोडला, खांदे खाली आले. "घरची असली तर काही नाही. घरच्यात मी ते घातलं नव्हतं."

ते. मी विचारलं नव्हतं, त्यानंच म्हटलं.

"घरचा घाणा कधी काढतो आपण?" मी विचारलं.

"शेवटी."

"कुठल्या पिपात?"

त्याची नजर गोदामाकडं गेली. ते पीप आमच्या दोघांच्या डोळ्यांपुढं होतं. हंगामभर त्याच्या जाळीत, सांध्यांत, तळाशी ती पूड बसत गेली होती. आणि सगळं बसून झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत देखणा म्हणून, आमचा घाणा. मी उभी राहून शिंपडलेल्या शुद्ध हळदीनं ती पूड ओली करून आमच्याच हळकुंडांवर चढवली होती. तो आम्हाला वेगळं काढत होता, आणि आम्ही आमच्या शिस्तीनं त्याच विषाखाली येऊन बसलो होतो.

त्रिशलानं कपडे पाटावर ठेवले. पोरगी अबोल. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याला उलट बोललेली मी ऐकली नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"एवढ्याशानं काही होत नाही म्हणाला होता तो पूडवाला," भरतेश म्हणाला. "सगळे घालतात म्हणाला. फक्त रंगाला असतं, पोटात जाऊन निघून जातं म्हणाला."

"मग प्या की."

त्यानं खिडकीकडं बोट दाखवलं.

"दिवस मावळला तरी चालेल," त्रिशला म्हणाली. "नियम मोडल्याचा उपास मी धरते. तुम्ही प्या."

तिनं पेला उचलून त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली. त्यानं हात मागं घ्यायला बघितलं, दुधाचे थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. प्याला नाही. शेवटी तिनंच तो काढून घेतला आणि ओट्यावर ठेवला. त्यावर झाकण मात्र ठेवलं, मांजर तोंड घालेल म्हणून.

सकाळी फाटक मी उघडलं. रेहाना तिच्या माणसांना घेऊन आली होती. ट्रकवाल्याला मी रस्त्यावरूनच परत लावला. गोदामात थप्पीवर यंत्र टेकवल्यावर तिनं काच स्वतःकडं वळवून धरली. मी चौथी शिकलेय, आकडे मला वाचता येतात. पण मी वळव म्हणाले नाही.

पुढचं गावाला माहीत आहे. सरकारी माणसं आली, पोती सील झाली, भरतेशला तारखा लागल्या. ज्यानं पूड दिली तो त्याच आठवड्यात दुकानाला कुलूप लावून गेला. त्या पोत्यांचं करायचं काय हा एक घोरच होता. जाळली तर धुरात, नदीत टाकली तर पाण्यात, पुरली तर जमिनीत. माणसं तोंडाला फडकी बांधून घेऊन गेली. ती होती ती गेली; आधीच्या हंगामातली कुठं गेली ते कोण सांगणार? कुठल्या गावच्या फोडणीत पडली, कुठल्या नवरीच्या अंगाला लागली, कुठल्या बाळंतिणीनं दुधात घेतली. मगदुमांची हळद म्हणून, विश्वासानं.

त्रिशलाला रेहानानं खूप जपलं. हे खा, ते खा, दूध वाढव, परत-परत रक्त बघितलं. आकडा उतरला. पण हाडात बसलेलं लवकर निघत नाही म्हणाली, आणि तिनं खोटी आशा लावली नाही.

मुलगी झाली. नाव सुप्रभा. रंगानं उजळ, अंगानं धडधाकट. रेहाना दर वर्षी येते, चित्रं दाखवते, ठोकळे मांडायला लावते, गप्पा मारते. चांगली आहे म्हणते. बघत राहू, असंही म्हणते.

तेच आम्ही करतो. ती आता चौथीत आहे, माझ्याएवढी शिकली म्हणायची. संध्याकाळी पाढे म्हणते. तेरावर अडखळते. अडखळली की भरतेशचा घास हातात थांबतो. त्रिशला पोळी लाटताना थांबते. सगळीच पोरं तेरावर अडखळतात, मला तेरा चौक कधी आलंच नाही. तरी पुढचा आकडा तिच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत या घरात कुणी श्वास घेत नाही. तिला वाटतं, आपल्या घरची माणसं पाढे किती मन लावून ऐकतात.

आम्ही हळद लावत नाही आता. ऊस आहे. ते पीप परसात आहे, भंगारवाल्याला द्यायचं मी ठरवते आणि देत नाही, कारण तो ते तिसऱ्याला विकेल. त्याच्याजवळ सुप्रभाला जाऊ देत नाही. ती कारण विचारते.

परवा ती शाळेतून खोकत आली. पाटावर बसली आणि म्हणाली, बाईंनी सांगितलंय, हळद घालून दूध घ्या. मैत्रिणी म्हणतात तुमचं घर तर हळदीचं होतं.

"पप्पा, मला हळदीचं दूध द्या की."

त्रिशलानं माझ्याकडं बघितलं, मी भरतेशकडं. भरतेश खिडकीकडं बघत होता.

"दिवस मावळला, बाळा," तो म्हणाला.

सुप्रभा उठून खिडकीशी गेली. टाकीवर, उसावर, तिच्या चेहऱ्यावर पिवळंधमक ऊन होतं.

"अजून आहे की, पप्पा," ती म्हणाली. "हे बघा, केवढा आहे."